पाणीवाल्यांची डावी बाजू

कोरणीच्या टोकानं तिनं मातीतला नाकाचा उतार खरवडला आणि म्हणाली, "हनुवटी जरा वर घ्या."

खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं हनुवटी वर घेतली. खोल विहिरीचं पाणी डोंगरावरच्या घरांपर्यंत चढवणारा पंप त्यांनीच शोधला होता. जग त्यांना 'पाणीवाले' म्हणूनच ओळखायचं. तिला मात्र स्वतःच्या गल्लीपलीकडे कुणी ओळखत नव्हतं. शाळांच्या बक्षिसांची पदकं घडवण्यात निम्मं आयुष्य गेलं. चेहऱ्याची एकच बाजू दाखवणारं हे उठावशिल्प तिचं पहिलं मोठं काम, आणि त्यांना समोर बसवून घडवायला बैठक मिळाली होती एकच.

"उजवीच बाजू करा हं," पाणीवाल्यांच्या पत्नीनं दारातच बजावलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा डावा गाल लोंबला होता. तेव्हापासून फोटोसुद्धा उजवीकडूनच काढत.

दुपारपर्यंत चेहरा हुबेहूब उतरला. पाणीवाल्यांनी तो न्याहाळला.

"नाक माझंच आहे," ते अडखळत म्हणाले. "बाकीचा कोण?"

ती हसली, पण मनातून चरकली.

इतक्यात शेजारच्या त्यांच्या कारखान्यात पंप खडखडत सुरू झाला. पाणीवाल्यांनी काठी घेतली आणि तडक निघाले. ती मागोमाग गेली. कामगार बाजूला झाले. पंपाच्या लोखंडाला उजवा कान लावून ते ओणवे झाले, तशी त्यांची डावी बाजू तिच्यासमोर आली. अर्धवट मिटणारा डोळा, ओघळलेला ओठ, सगळं थबकलं होतं. तान्ह्याचा श्वास ऐकणाऱ्या आईसारखा तो चेहरा झाला होता.

"तिसरी झडप. खडा आहे."

झडप उघडली. वाटाण्याएवढा खडा निघाला. कामगार खड्याभोवती गोळा झाले. ती मात्र त्या गालाकडेच बघत राहिली.

परत येऊन तिनं सकाळचा चेहरा तळव्यानं सपाट केला.

"अहो बाई, हे काय केलंत!" पत्नी धावत आली.

"मला डावीकडून बसू द्या. आत्ता पाहिलं मी त्यांना."

पाणीवाले येऊन खुर्चीत टेकले. पत्नीनं रुमालानं त्यांच्या ओठाचा कोपरा टिपला.

"त्या बाजूला कुणी बसत नाही," पत्नी म्हणाली. "जेवताना मीच बसते."

मग तिनं डावीकडच्या खिडकीचा पडदा पार टोकापर्यंत सारला.

"एवढा उजेड पुरेल?"