एक नंबरला चांद्या-पाखऱ्या

"मोजली मी. बेचाळीस," शोभाबाई म्हणाल्या. रिमोट त्यांनी डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता. "एवढी बटनं तर आपल्या दुकानात महिन्यातून खपत नाई."

"सगळी तुले लागतच नाई, आई." धीरज कॉम्प्युटरपुढच्या स्टुलावर बसला होता. त्याने मानही वळवली नाही. "हे खालचं, हे वरचं, हे मधलं. मेनू उघडला का तीनदा खाली, मंग मधलं, मंग दोनदा खाली, पुन्हा मधलं. झाला पट सुरू."

"आन् उद्या तुया बायकोनं त्याच्यात चार गाणे टाकले, तर तीनदा खाली गेल्यावर कोण निंगन?"

धीरजचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं. त्याची बायको रुचिका दाराशी पाटावर बसून नखं रंगवत होती. रविवार होता, ती शिकवायची त्या वर्ध्याच्या शाळेला सुट्टी होती.

"गाणंच निघेल, आई," ती हसू दाबत म्हणाली. "चार मी कालच टाकलीत."

"आयकलं का? मले असं पायजे. एक दाबला, चांद्या-पाखऱ्याचा पट. दोन दाबला, दुसरा. तीन दाबला, तिसरा. मधात कोठी थांबणं नाई."

"तसं नाई होत. मेनूतूनच जाव लागते."

"काऊन जाव लागते? गिऱ्हाइकानं धोतर मागतलं तर मी त्याले आधी साड्यांतून फिरवत होती का?"

देवळीच्या बाजारातल्या त्या कापडाच्या दुकानावर पाटी मोतीलालजींच्या नावाची होती, पण गादीवर चाळीस वर्षं बसल्या त्या शोभाबाई. शाळा दुसरीपर्यंत झालेली. अक्षरं तेवढ्यावरच राहिली, आकडे मात्र मीटरपट्टीने पक्के करून घेतले. मोतीलालजींचं मन दुकानात कधी रमलंच नाही. ते शंकरपटात असायचं. थंडीत गावोगावी बैलजोड्यांच्या शर्यती लागल्या की हा गृहस्थ जोडी घेऊन आठ-आठ दिवस बेपत्ता. वर्ध्याच्या एका फोटोवाल्याला हाताशी धरून त्यांनी तीन पटांच्या व्हिडिओ कॅसेटी करवून घेतल्या होत्या. त्यातल्या पहिल्या पटात त्यांचे स्वतःचे चांद्या आणि पाखऱ्या पळाले होते, साल त्र्याण्णव.

आता दोन हजार आठ चाललं होतं. दोन वर्षांमागे लकवा झाला, तेव्हा मोतीलालजींची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उरला डावा हात आणि ते तीन पट. कॅसेटींचं मशीन बिघडलं, त्याचा सुटा भाग नागपुरातही मिळेना, तेव्हा धीरजने तिन्ही पट कॉम्प्युटरमध्ये घालून घेतले आणि कॉम्प्युटर बापाच्या पलंगाच्या पायथ्याशी आणून ठेवला. पट संपला की मोतीलालजी डाव्या हाताने पलंगाची लोखंडी दांडी वाजवायचे. दांडी वाजली म्हणजे पुन्हा लावा.

लावणार कोण? माऊस शोभाबाईंच्या हातात उंदरासारखाच पळायचा. गेल्या महिन्यात घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी काहीतरी दाबलं आणि समोरचं सगळंच पुसून गेलं. दांडी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि शेवटी मोतीलालजी रागाने स्वतःच उठायला गेले. कपाळाला चार टाके पडले. त्याच रात्री धीरजने ठरवून टाकलं, वर्ध्याचा लखन रोज सकाळी येईल. दवाखान्यात राबलेला माणूस आहे. पुसणं, भरवणं, बसवणं, पट लावणं सगळं करील.

"ज्या माणसानं दाढी कराले न्हाव्याले कधी घराचा उंबरा वलांडू देल्ला नाई," शोभाबाई म्हणाल्या होत्या, "त्याच्या अंगाले आता परका हात लागन? मी मेली नाई अजून."

बरीच बाचाबाची झाली आणि शेवटी सौदा ठरला. लखन बुधवारपासून येणार होता. मंगळवारचा दिवस शोभाबाईंनी एकटीने काढून दाखवायचा. दांडी वाजली की पट लागला पाहिजे आणि बाबा पलंगावरच राहिले पाहिजेत. जमलं तर लखनला नको म्हणून सांगायचं. त्यासाठीच धीरजने नागपूरहून हा रिमोट आणला होता.

"होते," आता धीरज पुटपुटला.

"काय होते?"

"तू म्हणतं तसं. एका बटनाले एक पट देता येते."

"मोठ्यानं सांग. तुया बाबालेही आयकू दे."

पलंगावर मोतीलालजींच्या तोंडाची धड असलेली डावी बाजू जराशी हलली.

कॉम्प्युटरच्या डोक्यावर काड्यापेटीएवढी एक काळी डबी ठेवली होती. तिची वायर मागे गेली होती आणि पुढच्या बाजूला काळपट काच होती. "रिमोट इच्याकडे करून दाबजो," धीरज म्हणाला. "कोणतं बटन दाबलं ते ही डबी पाहते आन् कॉम्प्युटरले सांगते. आता त्याले शिकवू. एक दाब."

शोभाबाईंनी अंगठा टेकवला तो काढलाच नाही. पडद्यावर पट सुरू झाला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा सुरू झाला. बैल जागच्या जागी उचक्या देऊ लागले.

"आई! चिमटी काढल्यासारखं दाब. कणीक मळून नको राहू."

"मंग आधी सांगाव ना, बह्याडा."

तीन पटांची तीन आणि आवाज कमी-जास्तीची दोन, अशी पाच बटनं शिकवून झाली. रुचिकाने नखाच्या रंगाचा लाल ठिपका एकवर आणि आवाजाच्या बटनांवर दिला. बाकीच्या सदतीस बटनांवर शोभाबाईंनी चिकटपट्टी मारून टाकली.

"हे तर पाचच राहिले," धीरज म्हणाला.

"तुले जास्तीचे पायजे असन तर दुसरा आण."

मंगळवारी दहाला धीरज कॉम्प्युटर सुरू करून दुकानात गेला. रुचिका त्याच्या आधीच वर्ध्याच्या बसने गेली होती. त्या आठवड्यात विजेची लाइन पहाटे जायची आणि दहानंतर दिवसभर असायची, तेवढं बरं होतं. शोभाबाईंनी मोतीलालजींचं अंग पुसलं, मऊ भात भरवला, उशी सारखी केली. मग त्यांच्या ध्यानात आलं, रविवारच्या गडबडीत एक गोष्ट राहूनच गेली होती. त्या घरात नवी वस्तू पूजेवाचून कामाला लागत नसे. दुकानातली कात्री असो, शिलाई मशीन असो नाही तर पाण्याची मोटर असो, आधी हळदकुंकू मग काम. त्यांनी हळद कालवली. रिमोटला दोन बोटं ओढली, काळ्या डबीला ठसठशीत टिळा लावला, वर कुंकू दाबलं, जास्वंद वाहिली आणि हात जोडले.

"चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लावतो तुमचे बैल."

एक दाबला. काही नाही.

पुन्हा दाबला, चिमटी काढल्यासारखा. मग कणीक मळल्यासारखा. पडदा निळाच्या निळा. सेल काढून पदराला घासून पुन्हा घातले. जवळ जाऊन दाबला, दारातून दाबला. फूल मशीनला सोसत नसेल म्हणून ते काढून मोतीलालजींच्या उशाशी ठेवलं.

दांडी वाजली.

"लावतो ना. पळून चालले का तुमचे बैल?"

दांडी पुन्हा वाजली आणि मग थांबेचना. तेवढ्यात फोनही वाजायला लागला. धीरजचा होता.

"आई, सुरू झालं ना?"

"हौ."

"दांडी वाजून राह्यली. आयकू येते मले."

"वाजू दे. माणूस जिता हाय तर वाजनच."

"मी येऊ का? पाच मिनिटात येतो."

शोभाबाईंनी पलंगाकडे पाहिलं. मोतीलालजींनी डावा हात दांडीला घट्ट धरला होता आणि पाठ उशीवरून सुटायला लागली होती. "ये" म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सगळं निस्तरलं असतं. आणि उद्या सकाळी लखन या खोलीत बसला असता.

"तू तुयं गिऱ्हाइक पाह," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आधी त्या पलंगावर बसल्या. मोतीलालजींच्या छातीवर त्यांनी आपला तळहात ठेवला, नुसता. "आयका. मागल्या वेळी तुम्ही पडले तवा तुमच्यापेक्षा जास्त मी फुटली. आज पडाचं नाई. मले थोडा वेळ द्या." दांडीवरचा हात सैल झाला नाही, पण पाठ पुन्हा उशीला टेकली.

मग त्या डबीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दुकानात एखादा तागा कमी भरला की त्या आधी कोणावर आळ घेत नसत. पट्टी, गज, हात, सगळं पहिल्यापासून तपासत. रविवारी काय होतं? हाच रिमोट, हीच बटनं, हीच डबी. आज काय वेगळं आहे? डबी पाहते, असं धीरज म्हणाला होता. कशाने पाहते? त्यांनी वाकून नीट बघितलं. काळपट काच कुठे दिसतच नव्हती. तिच्यावर ओल्या हळदीचा रुपयाएवढा लपका, त्यावर कुंकवाचा थर, आणि दोन्ही वाळून घट्ट झालेलं.

"अगं माय," शोभाबाई हळूच म्हणाल्या. "मी तुया डोळ्यातच कुंकू कोंबलं."

हिला कपाळ कुठे आणि डोळा कुठे, हे कळावं तरी कसं? माणसासारखं तोंड द्यायचं ना मेल्यांनी. पदराचं टोक ओलं करून त्यांनी काच पुसली, नखाने कडा खरवडल्या, पुन्हा पुसली. टिळा उचलून डबीच्या टकलावर लावला. ज्याचा मान त्याला. आणि खिडकीतून कोणी पाहत नाही ना, एवढं बघून घेतलं.

एक दाबला.

पडदा उजळला. उन्हातलं ते मोकळं रान, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि मधून पांढरा चांद्या, भुरा पाखऱ्या. छकड्यावर जोडी हाकणारा धुरकरी पार ओणवा झालेला. जोडी रेषेपार गेली, धुळीत माणसं नाचली, पट संपला.

दांडी वाजली. शोभाबाईंनी पुन्हा एक दाबला. जोडी पुन्हा पळाली. पण ती अर्ध्यात असतानाच दांडी वाजायला लागली, आणि मोतीलालजींचं तोंड पडद्याकडे नव्हतंच. ते बायकोकडे पाहत होते.

"आता काय? लावला ना तुमचा पट!"

ते दांडी वाजवत होते आणि डोळ्यांनी काहीतरी मागत होते. चांद्या मुक्यानेच पळत होता. मुक्यानेच! रात्री रुचिकाने मुलांचे पेपर तपासताना आवाज बंद केला होता. शोभाबाईंनी आवाज वाढवायचं लाल ठिपक्याचं बटन शोधलं आणि दाबत राहिल्या.

लाउडस्पीकरवाल्याचा आवाज आला, हलगी आली, माणसांचा गलका आला. आणि शेवटच्या घटकेला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, पडद्यावर न दिसणाऱ्या एका माणसाची आरोळी आली:

"सोड रे! कासरा सोड! गेले रे गेले, माहे पाखरं गेले!"

मोतीलालजींचे ओठ त्या आरोळीबरोबर हलले. नेमके, शब्दाला शब्द. त्यातून नुसती हवा येत होती.

शोभाबाई उभ्याच राहिल्या. दोन वर्षं अख्खं घर समजत होतं, या माणसाला बैल पाहायचे आहेत. रोज उठून स्वयंपाकघरातून त्यांनीही हाच गलका ऐकला होता आणि म्हटलं होतं, झाले का सुरू यांचे बैल.

दांडी वाजली. त्यांनी एक दाबला आणि आवाज आणखी चढवला. खिडकीची काच थरथरायला लागली.

"अवं धीरजची माय!" भिंतीपलीकडून अनुसयाबाई ओरडल्या. "घरात पट लागला का काय? झोपू देता का नाई?"

"लागला!" शोभाबाईंनी तेवढ्याच जोरात ओरडून सांगितलं. "झोपाले रात्र पडली हाय. मालक बोलून राह्यले आमचे, आयका!"

त्या दुपारी चांद्या-पाखऱ्या किती वेळा पळाले, कोणी मोजलं नाही.

दुकान वाढवून धीरज सात वाजता आला तेव्हा आरोळी रस्त्यापर्यंत येत होती. तो धावतच आत शिरला. बाप उशीला टेकून बसलेला होता. आई पलंगाच्या कडेला, रिमोट मांडीवर.

"सकाळी काय झालं होतं?"

"काई नाई. मशीन नवं होतं, बुजलं."

"आन् त्याच्या टकलावर कुंकू कायचं?"

"पूजा केली. तुले नाई ना सुचली." मग त्या म्हणाल्या, "तोंड बंद कर आन् आयक. बैल नको पाहू. बाबाच्या तोंडाकडे पाह."

त्यांनी एक दाबला. धीरजने पाहिलं. जोडी रेषेपार गेली, आरोळी आली, बापाचे ओठ हलले. त्याने खिशातून मोबाइल काढला. "लखनभाऊ? हौ, देवळीहून. उद्या नको येऊ. नाई, दुसरं कोणी भेटलं नाई. आई हाय." एवढं बोलून फोन बंद केला आणि पलंगाला पाठ लावून तो खाली फरशीवर बसला.

त्याच्या पायात चपला होत्या. देवळीच्या डॉक्टरालाही शोभाबाईंनी या खोलीत कधी पायताण घेऊन येऊ दिलं नव्हतं. त्यांचं लक्ष चपलांकडे गेलं, चपलांच्या मातीकडे गेलं. मग त्यांनी पडद्याकडे तोंड केलं आणि पुन्हा एक दाबला.