ठोक्याची कॅसेट

माझ्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डबीवर एक चिठ्ठी असते. आवाजातून काय काय काढलं, ते मी त्यावर स्वतःच्या हाताने लिहिते. खरखर काढली. गुणगुणाट काढला. खोकला काढला, दोन ठिकाणी. लोक जुन्या कॅसेटी आणतात, त्यात वारलेल्या आईचं बोलणं असतं, पोराचं पहिलं गाणं असतं, आणि मी सगळा कचरा उपसून त्यांना स्वच्छ आवाज परत देते. तीस वर्षं हेच करतेय. माझ्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती. ठेवली असती तर त्याला मी दारातूनच परत पाठवलं असतं.

मग ती बाई आली. चाळिशीची, नीटनेटकी, बोलणं इतकं हळू की मला काउंटरवर वाकून ऐकावं लागलं. दातांच्या कवळ्या बनवायचं काम करते म्हणाली. पिशवीतून तिने एकच कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"ताई, एवढी एकच प्रत उरलीय. आमचा बँड होता, माझा आणि दादाचा. बावीस वर्षांपूर्वीचा अल्बम आहे."

दादाच्या दोन्ही कानांच्या नसांवर गाठी होत्या. डावा कान कधीच गेला होता. तीन आठवड्यांनी, गुरुवारी, उजव्याचं ऑपरेशन होतं. गाठ निघेल, पण ऐकू येणं राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"त्याआधी त्याला हे एकदा नीट ऐकायचंय. घरच्या टेपवर लावायची हिंमत होत नाही. तपकिरी भुकटी पडते."

मी टेप उजेडात धरून पाहिली. आवाज धरून ठेवणारा तपकिरी लेप सुटत चालला होता. अशी टेप दर फेरीला थोडा आवाज पुसत जाते. ही फार तर दोन फेऱ्या काढेल, असं मला दिसलं.

"निर्धास्त राहा," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती लावली आणि माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. खरखर, घरघर, मध्येच कर्कश किंचाळणं, आणि ड्रम तर असे पळत होते की कुणी खिळ्यांचं पोतं जिन्यावरून लोटून दिलंय. माझं निदान तयार होतं. टेप पळतेय, म्हणजे ज्या मशीनवर भरली ते बिघडलेलं होतं. इतक्या वेगाने माणूस वाजवूच शकत नाही. मी मोटरचा वेग कमी करत गेले आणि ड्रम माणसात आल्यावर थांबले. किंचाळणं म्हणजे कोरडी टेप घासल्याचा आवाज. टेप ज्या हेडवरून सरकते त्याला एक बारीक स्क्रू असतो. तो कणभर फिरवला की आवाज खुलतो नाहीतर मिटतो. किंचाळणं दबेपर्यंत मी तो फिरवला आणि मग सबंध कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. संध्याकाळपर्यंत चिठ्ठी लिहून मोकळी. खरखर काढली, वेग सुधारला, टेपचं किंचाळणं काढलं.

दातवाली बाई आली, हेडफोन लावून पाच मिनिटं ऐकत राहिली. मग हेडफोन हलकेच खाली ठेवले.

"स्वच्छ झालंय, ताई."

"मग?"

"आमचं राहिलं नाही. वेग तुम्ही कमी केलात?"

"अहो, टेप पळत होती. इतकं भरभर माणसाला येईल का?"

"दादाला यायचं. सगळे त्याला ठोक्याच म्हणायचे." तिने माझी चिठ्ठी पुन्हा वाचली. "आणि हे टेपचं किंचाळणं... ती मी होते. गाणारी मीच."

एवढ्या हळू बोलणाऱ्या बाईतून ते किंचाळणं निघालं होतं, आणि मी ते बिघाड समजून दाबून टाकलं होतं. कॉम्प्युटरवर काही सुधारायची सोय नव्हती. स्क्रूपाशीच जे अडलं, ते पुढे कुठून येणार? टेपवरून मात्र एक फेरीचा लेप गेला होता. माझ्या हेडवर ती तपकिरी भुकटी अजून तशीच होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मलाही ओरडता आलं असतं. पण तिने माझी चिठ्ठी नीट घडी घालून काउंटरवर ठेवली आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

"दुसरीकडे न्यायची असेल तर न्या," मी म्हणाले.

"दुसरीकडे आहे कोण?"

खरं होतं. या कामात आता मी एकटीच उरले होते.

"असल्या आणखी कॅसेटी आहेत तुमच्याकडे?"

"असल्या म्हणजे?"

"असल्याच. बिघडलेल्या वाटणाऱ्या. मला ऐकायच्यात. जे मला कळत नाही, त्याला मी पुन्हा हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने बुटांच्या खोक्यातून तेवीस कॅसेटी आणून दिल्या. त्या काळी दोघं भावंडं अनोळखी लोकांशी टपालाने अदलाबदल करायची, आपली एक पाठवायची, त्यांची एक मागवायची. झेरॉक्सची काळीकुट्ट मुखपृष्ठं, काट्याकुट्यांच्या जाळीसारखी अक्षरं. "काही ब्लॅक मेटल आहेत, काही ग्राइंडकोर, दोन्ही जहाल रॉकचेच प्रकार," तिने सांगितलं. "ब्लॅक मेटलमध्ये थंडी ऐकायची. ग्राइंडकोरमध्ये घाई." एवढीच माझी शिकवणी.

मी दुकानावर पाटी लावली की पंधरा दिवस नवीन काम घेतलं जाणार नाही, आणि स्पीकर लावून, वही घेऊन बसले.

पहिले दोन दिवस डोकं उठलं. एका कॅसेटवर अकरा मिनिटांत सव्वीस गाणी होती, एक तर मी पेनाचं टोपण काढेपर्यंत संपलं. वहीत मी लिहिलं, 'भांडण. कारण समजलं नाही.' दुसरीवर एक माणूस बॉयलरच्या खोलीत लांब कुठेतरी विव्हळत होता आणि त्याच्यापुढे गिटारची अख्खी भिंत उभी होती. तिसरीवर सहा मिनिटं नुसता फ्रिज चालू होता. मी शिव्या घालत सहाही मिनिटं ऐकली. सातव्याला फ्रिज बंद झाला आणि त्या शांततेने माझ्या अंगावर काटा आला. मग क्लॅरिनेट वाजलं, एकच स्वर, आणि त्याच्यामागून ड्रमची धाड कोसळली. मी टेप मागे नेऊन परत ऐकली. नंतर आणखी एकदा, पण ते वहीत लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी भिंतीला दार सापडलं. बॉयलरवाल्याची कॅसेट तिसऱ्यांदा, या वेळी हेडफोनवर, लावली होती. खरखरीच्या आत, अगदी तळाशी, गिटार एक साधी चाल वाजवत होती, पाळणा म्हणावा इतकी साधी. खरखर कमी केली की ती चालही जायची. खरखर असेल तरच ती होती. मी हेडफोन काढला आणि मला रडू आलं, कौतुकाने थोडं आणि लाजेने जास्त. या तीस वर्षांत मी अशा किती चाली उपसून फेकल्या असतील, देव जाणे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दुकानामागच्या खोलीत असतात. ध्वनिमुद्रणात जन्म गेला त्यांचा, हे काम मला त्यांनीच शिकवलं. वय ब्याऐंशी, पण कान अजून तिखट. आठ दिवस त्यांनी कळ काढली, नवव्या दिवशी काठी टेकत आले.

"अगं, शेजारचे विचारतायत, घरात कुणाला मारताय का म्हणून."

"ऐका तरी, अण्णा," म्हणून मी त्यांना माझी बिघडवलेली प्रत लावून दिली. पहिलं गाणं सात मिनिटांचं. अण्णांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला, सोडला, पुन्हा धरला.

"माणूसच आहे हा," ते म्हणाले.

"कशावरून?"

"मशीन दमत नाही. मोठा ड्रम हा दोन्ही पायांनी वाजवतोय, आणि तिसऱ्या मिनिटानंतर डावा पाय मागे पडतोय, ऐक. मग दात-ओठ खाऊन पुन्हा गाठतो. पण तू याला फार सावकाश चालवलंयस. एवढ्याशा चालीने कुणी दमतं का?"

मुद्दा बरोबर होता. पण खरा वेग किती, हे ठरवणार कसं? अंदाजाने एकदा तोंडावर आपटले होते. ते कोडं तेवीस कॅसेटींनीच सोडवलं. त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती, तळाशी बारीक गुणगुणाट. स्वस्त अॅम्प्लिफायरमधून भिंतीतली वीज गुणगुणते तो. वीज कधी घाई करत नाही, सेकंदाला तिचे पन्नास हेलकावे म्हणजे पन्नासच. आजवर तो ऐकला की मी आधी त्याचा गळा दाबत आले होते. आता मी माझ्या मूळ उतरवणीत तोच शोधला, मोजला. चव्वेचाळीस भरला. म्हणजे शंभर ठोक्यांच्या वेळात मी ठोक्याला अठ्ठ्याऐंशीच वाजवू दिले होते.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, मंगळवारी सकाळी, मी दोघांना बोलावलं. दादा पन्नाशीचा, दांडगा, डोकं उजवीकडे वळवून ऐकणारा. मी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले.

"टेप एकदाच चालेल," मी म्हणाले. "चुकलं तर माझं चुकलं. पण कॉपी करतानाच तुम्ही ऐका. नंतरचा भरवसा कशाला?"

"लावा, ताई," तो म्हणाला. "माझ्याकडेही एकच कान आहे. बरोबरी झाली."

हेडफोन त्याच्या कानावर, दुसरा माझ्या. मोटरचा वेग मोजून लावलेला. अल्बमच्या सुरुवातीला अकरा सेकंदं काहीच नाही, नुसती खरखर, तेवढ्यात स्क्रू बसवायचा होता. मी स्क्रूवर पेचकस टेकवला; खरखर जितकी खुलेल, तितका आवाज खुलणार होता. आजवर जी खरखर ऐकली की माझी बोटं बटणाकडे जायची, तिच्याच मागे गेले. वाढू दिली, आणखी वाढू दिली. नवव्या सेकंदाला ती पूर्ण उघडली आणि मी हात काढून घेतला.

मग दोघं भावंडं माझ्या दुकानावर कोसळली. काय वेग होता तो! आणि त्याच्या वरून ती, आमची दातवाली, बावीस वर्षांपूर्वीच्या फुप्फुसांनी आकाश फाडत होती. इकडे ती स्वतः हेडफोनशिवाय, स्टुलावर हात मांडीवर ठेवून, भावाच्या पायांकडे बघत होती.

टेबलाखाली त्याचे पाय सुरू झाले होते. दोन्ही टाचा, एकाआड एक. पहिलं मिनिट, दुसरं. कपाळावर घाम आला. तिसऱ्या मिनिटानंतर माझ्या कानात डावा ठोका मागे पडला, आणि त्याच क्षणी टेबलाखाली त्याची डावी टाच मागे पडली.

त्याने डोळे उघडले. "इथे मी मार खाल्ला होता," तो मोठ्याने म्हणाला. "हे दुरुस्त नाही ना केलंत?"

"नाही," मी त्याच्या उजव्या कानाशी ओरडले. "हात लावला नाही."

तो हसला, दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा ठोक्याला गाठलं.

दुसरी बाजू संपली तेव्हा हेड तपकिरी झालं होतं आणि टेप जागोजाग काचेसारखी आरपार दिसत होती. पण सगळं कॉम्प्युटरवर उतरलं होतं. मी तीनदा तपासलं. दुपारी चारपर्यंत त्याने ती प्रत आणखी पाच वेळा ऐकली. अण्णा मध्येच येऊन त्याच्या शेजारी बसले, त्याच्या पायांच्या तालावर बोटांनी ठेका धरून.

ते निघाले तेव्हा मी नव्या प्रतीच्या डबीवर चिकटवायला चिठ्ठी घेतली. काय काय काढलं, ते त्यावर लिहायचं असतं. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'काही काढलेलं नाही,' आणि खाली सही केली.