भाषणाआधीचं तिरफळ

तिरफळ चावलं की जीभ झोपते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ म्हणूनच आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. आमच्या एका शेजाऱ्याने चुकून मूठभर चावली, तर ओठ जागेवर आहेत की नाहीत ते बघायला तो दोन दिवस आरसा खिशात घेऊन हिंडला. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. गौरवीचं मात्र सोडू नका.

गौरवी गोव्यातल्या साखळी गावच्या शाळेत नववीत. भाषणात तिचा हात धरणारं कोणी नाही. पण दात घासायचे ते फक्त आयताराला, म्हणजे रविवारी. एरवी बस चुकेल म्हणून एक चूळ भरली की पळाली. तिच्या ब्रशवर कोळ्याने घर बांधून संसार थाटला होता म्हणतात.

शाळेत दातांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या आणि त्यांच्यासमोर 'दातांची निगा' यावर बोलणार होती गौरवी. आदल्या दिवशी सराव करताना शेजारच्या सेजलने नाकाला रुमाल लावला.

"थंय बघून बोल गो बाय! डब्यात सुकी सुंगटां हाडलीस?"

सुक्या कोळंबीचं नाव निघताच वर्ग हसला. गौरवीही हसली, तोंडावर हात ठेवून. तो हात मग घरी पोचेपर्यंत खाली आला नाही.

सकाळी तिने हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासलं. ओंजळीत फुंकून हुंगलं. वास तिथेच. अनेक महिन्यांचं बिऱ्हाड एका सकाळीत उठतं होय? आजी दात दुखला की दाढेखाली तिरफळ धरते, तिच्या तोंडाला वास नसतो, एवढं तिला आठवलं. तिने बरणीतून मूठ भरली आणि बसमध्ये सगळी चावून टाकली.

माईक हातात घेतला तेव्हा तिला स्वतःची हनुवटीच जाणवेना.

"आहरणीय हॉक्टर..." आणि लाळेची तार थेट माईकवर.

डॉक्टरीणबाई धावल्या. "बाय, आ कर बघू." तिरफळाची सालं दिसली आणि दातांच्या मागचा पिवळा थरही. त्यांनी हळूच विचारलं, "ब्रश कधी करतेस गो?"

रोज दोनदा, असं तिला सांगायचं होतं. पण खोटं बोलायला जीभ चपळ लागते. झोपलेल्या जिभेवरून जे घसरायचं ते घसरलं.

"आयताराक."

माईक चालूच होता. कर्ण्यातून 'आयताराक' बाजारापर्यंत गेलं आणि मासळीवालीने विळी थांबवली, असं ऐकलं.

सभागृहात हशा फुटला. सगळ्यांत मोठं हसू सेजलचं.

"हसतेस ती तू ये आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग एकेक करून सगळेच."

हसू कापल्यासारखं तुटलं. इतकी तोंडं एकदम मिटली, की वाऱ्याने खिडक्या आपटल्या म्हणे.

गौरवी खाली मान घालून जागेवर बसली. लाळ पुसायलाही तिचा हात उठेना. थोड्या वेळाने सेजल परत आली. तिच्या दाढेतली कीड बाईंनी टॉर्च मारून टीचरना दाखवली होती. रुमाल आता तिच्या स्वतःच्या तोंडावर होता.



"तिरफळ उरलंय गो?" सेजल रुमालाआडून पुटपुटली.

गौरवीने नकारार्थी मान हलवली. तिची जीभ आता जागी होत होती, मुंग्या येत होत्या, आणि कान मात्र कधीचे जळत होते.