शंकासुराचे बोल्ट

जन्माला आलं की पोर रडतं. हा गडी म्हणे रडलाच नाही. सुईणीकडे टक लावून बघत राहिला, की बाई, घर चुकलं तर नाही ना, आणि आई हीच ना. खरंखोटं सुईणीला ठाऊक, आणि ती काही आता सांगायला येत नाही. पण पुढचं सगळं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. घड्याळ दुरुस्त होऊन आलं की काटे आपलेच आहेत का, हे तो भिंग लावून बघायचा. दाढी करताना मधेच झटकन मान वळवायचा, आरशातला माणूस वेळेवर वळतो की मागे राहतो ते पकडायला. कामावरच्या मंडळींनी त्याला शंकासुर म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की चिडल्यावर बायकोच्या तोंडीही तेच यायचं.

धंद्याने तो फिटर. लोखंडी सांगाड्याच्या इमारती उभ्या राहतात, तिथे तुळई आणि खांब यांची गाठ मारून देणारा. क्रेन तुळई उचलून खांबापाशी आणते, दोन्हीकडच्या भोकांत भोक मिळतं, त्यातून बोल्ट सरकवायचे, नट हाताने फिरवायचे आणि शेवटी लांब दांड्याचा पाना लावायचा. पुरेसा पीळ बसला की तो पाना हातात कट् करतो. मग नटावरून खालच्या प्लेटवर जाणारी रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट पुढेमागे झाला की रेघ तुटलेली दिसते. शंकासुराला या धंद्यात सगळ्यात काय आवडत असेल तर ती रेघ. जगात प्रत्येक गोष्टीवर अशी रेघ असती तर आपल्याला शांत झोप लागली असती, असं तो म्हणायचा.

त्याच्या मते बोल्ट हा सज्जन माणूस. शंका आली तर उघडा, बघा, परत लावा. वेल्डिंग म्हणजे मात्र झाकली मूठ. वरून चांदीसारखा चकचकीत सांधा, पोटात भोकं आहेत की राख, कोण सांगणार? आणि जसं वेल्डिंग तसाच वेल्डर. तोंडावर काळा मुखवटा चढवून दिवसभर काम करणाऱ्या माणसाचा भरवसा तरी कसा धरायचा?

आता गंमत बघा. शंकासुराची एकुलती एक लेक त्याच इमारतीवर क्रेन चालवायची. ढगांच्या शेजारी काचेच्या खोलीत बसायची आणि बापाच्या हातात तुळया अशा अलगद आणून द्यायची, जणू गरम चहाचा कप. एक दिवस जेवताना तिने आईबापांना सांगून टाकलं की तिला लग्न करायचंय आणि मुलगा ठरलाय. मुलगा म्हणजे त्याच कामावरचा वेल्डर. आईबाप नाहीत, आत्याने वाढवलाय. ती आत्या महिनाअखेरच्या रविवारी उत्तर न्यायला येणार आहे.

शंकासुराच्या घशात घास अडकला. नाही म्हणावं, तर नाही म्हणायलाही काहीतरी खात्री लागते, आणि खात्री तर त्याला आयुष्यात कशाचीच नव्हती. तो एवढंच म्हणाला की बघू. बायकोने कपाळाला हात लावला, कारण त्या घरात ‘बघू’ म्हणजे काय ते तिला पुरतं माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्याने वेल्डरला गाठलं आणि लोखंडाच्या दोन पट्ट्या पुढे केल्या. म्हणाला, जोडून दाखव. पोराने मुकाट्याने जोडून दिल्या. शंकासुराने त्या शिकंज्यात धरल्या आणि घण घालून वाकवल्या. पट्टी वाकली, सांधा हलला नाही. मग करवतीने सांध्याचे उभे काप काढले आणि भिंग लावून पोटात बघितलं. आत सगळं घट्ट, एकजीव. मंडळींना वाटलं, चला, झालं एकदाचं. शंकासुर म्हणाला, कापणार हे माहीत होतं म्हणून हा जपून केला. जे मी कापले नाहीत त्यांचं काय?

वेल्डर यावर काही बोलला नाही. बोलला नाही म्हणून शंकासुराचा संशय आणखी वाढला. बोलला असता तरी वाढलाच असता म्हणा.

त्याच दिवसांत कोपऱ्यातल्या जोडाची भानगड सुरू झाली. इमारतीच्या मोठ्या दालनावरची सगळ्यात जड तुळई जिथे कोपऱ्यातल्या खांबाला भिडते तो हा जोड. शंकासुराने स्वतः आवळलेला, स्वतः रेघा ओढलेला. पण घरी गेल्यावर त्याला वाटलं, एका बोल्टाचा पाना जरा लवकर तर कट् झाला नाही? सकाळी जाऊन त्याने तो बोल्ट सोडून बघितला, ठीक होता, परत आवळला. मग शेजारच्याने काय घोडं मारलंय, म्हणून तोही. असे करत करत सगळे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. चहाच्या आधी ते त्याचं नित्याचं झालं. एकदा पुरता ताणलेला बोल्ट सोडला तर तो भंगारात टाकायचा, पुन्हा वापरायचा नाही, हा नियम नव्या माणसांना शिकवणारा तोच. पण त्याचा हिशोब वेगळा होता. आपण बोल्ट कुठे वापरतोय? आपण तर नुसतं बघतोय.

आणि बघता बघता त्याला एक भयंकर गोष्ट दिसली. पाना कट् व्हायला रोज जरा जास्त फिरवावा लागत होता. कालची रेघ आज नटासोबत पुढे निघून जायची. परवाची तर कुठल्या कुठे. जणू बोल्ट आतून मऊ पडत चालले होते.

लोखंड मऊ कशाने पडतं? आचेने. या इमारतीत आच कोणाकडे आहे? वेल्डरकडे. आणि वेल्डरचं मचाण कुठे आहे? त्या जोडापासून हाकेच्या अंतरावर. शंकासुराच्या डोक्यात सगळ्या भोकांत भोक मिळालं. हा पोरगा सुट्टीच्या वेळी ज्योत लावून आपले बोल्ट शेकतोय. बोल्ट मऊ पडले की साहेबलोक म्हणणार, बोल्टांचं काही खरं नाही, इथे वेल्डिंग करा. पोराचा भाव वधारणार, बापाची फजिती होणार, आणि फजीत झालेला बाप लग्नाला नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणणार?

घरी त्याने हे बायकोला सांगितलं. ती भांडी विसळता विसळता ऐकत होती. तिने विचारलं की पोराला एवढी कारस्थानं करायला वेळ कधी मिळतो, तो दिवसभर वेल्डिंग करतो ना. शंकासुर म्हणाला, तेच तर, एवढं काम करणारा माणूस काहीतरी लपवत असतोच. यावर बायकोने नळ जरा मोठा सोडला.

चोर पकडायचा तर सापळा हवा. त्याने मेणबत्ती नेली आणि प्रत्येक नटाच्या डोक्यावर मेणाचा एक एक ठिपका ठेवला. ज्योत लागली की मेण वितळणार, पुरावा हजर. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नाही, बायकोला तर नाहीच, कारण ती लेकीला सांगेल, लेक वेल्डरला सांगेल. दुपारी जेवणाची शिट्टी झाल्यावर तो हळूच शिडी चढून वर गेला. मेण वितळून प्लेटवरून पार खाली ओघळलं होतं.

तो खाली आला तो थेट जेवणाऱ्या मंडळींच्या मधोमध. इंजिनिअरबाईही तिथेच डबा उघडून बसल्या होत्या. शंकासुराने वेल्डरपुढे उभं राहून सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं: बोल्ट, आच, मेण, कारस्थान. लोकांचे घास हातातच राहिले. वेल्डरने हातातला डबा खाली ठेवला. तो एवढंच म्हणाला, “काका, त्या जोडाला मी आजवर हात लावलेला नाही.”

“हातमोजे घातले होतेस ना,” शंकासुर म्हणाला.

लेक क्रेनवरून नुकतीच उतरून येत होती. तिने शेवटचं तेवढं ऐकलं आणि बाकीचं न सांगताच समजली. ती बापासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

“बाबा, मी दिवसभर वरून सगळं बघत असते. त्या जोडापाशी रोज एकच माणूस जातो. तुम्ही.”

“आणि मेण कुणी वितळवलं?”

“हात लावून बघा लोखंडाला. दुपारचं तिथे कुणी मांडी टेकवत नाही. आता सूर्यालाही वेल्डर म्हणणार का?”

मंडळी हसली. शंकासुर हसला नाही. लेक तिकडची झाली, असं त्याच्या मनात आलं. पण इंजिनिअरबाई हसल्या नव्हत्या, आणि ते त्याला जास्त लागलं. त्यांनी डबा बंद केला आणि विचारलं, “मिस्त्री, तिथे तुम्ही रोज काय करता?”

त्याने सांगितलं की बघतो. कसं बघता, असं त्यांनी विचारलं. उघडून, तो म्हणाला, आणि ते बोलताना आपलाच आवाज त्याला जरा परका वाटला. बाई म्हणाल्या, तुळईला खालून टेकू द्या आणि एक बोल्ट काढून आणा.

टेकू लागल्यावर तो एकटाच वर गेला. नट सोडवायला घेतला. नट अर्ध्यापर्यंत आला आणि अडला. हाताने पुढे जाईना, मागे येईना. शंकासुराने आयुष्यात इतके नट फिरवले होते की झोपेत त्याची बोटं चादरीवर फिरायची, पण असा अडलेला नट त्याच्या हाती आला नव्हता. पाना लावून त्याने तो ओढून काढला. खिशात एक कोरा बोल्ट होता, तो त्याच्या शेजारी धरला. जुना लांब होता. फार नाही, नखाएवढा. मधेच त्याची कंबर बारीक झाली होती आणि तिथे आटे एकमेकांपासून फाकले होते. आचेचा डाग कुठेच नव्हता. लोखंड काळं पडलेलं नव्हतं, निळं पडलेलं नव्हतं. तो नुसता ताणला गेला होता. रोज सकाळी, चहाच्या आधी.

शंकासुर प्लेटवर बसून राहिला. लोखंड तापलेलं होतं, पण त्याच्या लक्षात आलं नाही. एक मोठा दोष सापडला होता, आणि संशय घ्यायला आसपास दुसरं कोणी नव्हतं. तरी त्याने इकडेतिकडे बघून घेतलं, सवयीने.

दिवस मावळायच्या आत जोडाचे सगळे बोल्ट बदलले. नवे त्यानेच आवळले. पाना कट् झाला की हात बाजूला, रेघ, पुढचा. शेवटची रेघ ओढल्यावर त्याचा हात पुन्हा पान्याकडे गेला, तेव्हा त्याने पाना खाली उभ्या असलेल्या माणसाकडे दोरीने सोडून दिला आणि रिकाम्या हाताने शिडी उतरला. वेल्डर आपल्या मचाणावर होता. शंकासुर तिथे थांबला, पण मुखवट्याशी काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही. ठिणग्या संपेपर्यंत उभा राहिला आणि मग म्हणाला, रविवारी ये आत्याबरोबर. पोराने मान हलवली की नाही, तेही त्या काचेमागे नीट दिसलं नाही.

त्या रात्री त्याने बायकोला सांगितलं की आपण रविवारी एकही प्रश्न विचारणार नाही. बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

रविवारी आत्या आली. आत्या म्हणजे काय बाई होती! बसायच्या आधी तिने खुर्ची हलवून बघितली. पाण्याचा पेला उजेडात धरला. चहाचा वास घेतला आणि कप तसाच ठेवला. शंकासुराला वाटलं, आपली हरवलेली बहीणच दारात आली. तिने लेकीचं काम विचारलं, वय विचारलं, उंचावर चक्कर येते का तेही विचारलं. सगळं झाल्यावर ती शंकासुराकडे वळली, की तुम्हाला आमच्या मुलाबद्दल काय विचारायचंय ते विचारा.

“काही नाही,” शंकासुर म्हणाला.

आत्याचे डोळे बारीक झाले. तिने पुन्हा विचारलं, म्हणजे काहीच नाही? नोकरी, व्यसन, तब्येत? शंकासुर म्हणाला, खरंच काही नाही, आमचा विश्वास आहे. झालं. आत्याने पर्स उचलून मांडीवर घेतली. ती भाच्याला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, की एकुलती एक मुलगी, आणि बाप एक प्रश्न विचारत नाही. काहीतरी पाणी मुरतंय. चल, ऊठ.

खोली अशी शांत झाली की भिंतीवरची पाल श्वास घेताना ऐकू आली. बायकोने नवऱ्याच्या पावलावर पाऊल दाबलं, आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, “अहो, विचारा की काहीतरी.”

प्रश्न काय, त्याच्याकडे पोतंभर होते. जिभेवर धक्काबुक्की चालली होती. तुझी आई कशाने गेली, तू त्या दिवशी गप्प का बसलास, मी कापले नाहीत त्या सांध्यांच्या पोटात काय आहे. त्याने पोराकडे बघितलं. मुखवट्याशिवाय, इतक्या जवळून, पहिल्यांदाच. पोराच्या पापण्या लाल होत्या आणि कडांना सुजल्या होत्या.

“ते डोळ्यांचं काय रे?” शंकासुराने विचारलं. “मुखवट्याची काच बदलतोस का वेळेवर?”

“बदलतो, काका. ही धूळ आहे, वाऱ्याची.”

सगळे थांबले. बायको थांबली, लेक थांबली, दारातून डोकावणारी शेजारीणसुद्धा थांबली, कारण आता दुसरा प्रश्न येणार हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं: कुठली धूळ, कुठला वारा, काच दाखव, पावती दाखव. शंकासुराचे ओठ हलले. गळ्यातली घाटी एकदा वर गेली आणि खाली आली.

“धूळ फारच आहे या दिवसांत,” तो म्हणाला.

आत्याने पर्स खाली ठेवली, कपातला चहा गार झालाय म्हणाली आणि दुसरा मागितला.