अंजिराला पांघरूण

"अहो, आटपा ना लवकर! समोरच्या खिडकीतून कुणीतरी बघतंय." रत्ना वरच्या मजल्यावरून दबक्या आवाजात म्हणाली.

पुरुषोत्तमने मान वर केली नाही. बघणाऱ्याकडे आपण बघायचं नाही, हा त्याने दोन महिन्यांपूर्वी, न्यूयॉर्कचे ते जुळे टॉवर पडले तेव्हापासून घालून घेतलेला नियम होता. जर्सी सिटीच्या या गल्लीतून नदीपलीकडचा धूर कितीतरी दिवस दिसत होता. धूर विरला, पण लोकांच्या नजरा काही निवळल्या नव्हत्या. पुरुषोत्तमने ग्रोसरीच्या दुकानात मराठी बोलणं सोडलं होतं. खिडकीला अमेरिकेचा झेंडा लावला होता, दाढी रोज करत होता, आणि बसमध्ये पिशवी मांडीवर उघडी ठेवून बसत होता. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढणारा हा माणूस. आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आज मात्र घरमालकाच्या मागच्या, गल्लीला लागून असलेल्या अंगणात, सगळ्या जगासमोर, तो माणसाच्या लांबीचा चर खणून उभा होता.

चरात अंजिराचं झाड निजवलेलं होतं.

घरमालक रोक्को हा मूळचा इटलीतल्या कलाब्रियाचा. बापाचं बोट धरून लहानपणी इथे आला आणि जन्मभर विटा रचत राहिला. बायको गेल्यावरही त्याचं तळघर वाइनच्या पिंपांनी आणि टोमॅटोच्या बाटल्यांनी भरलेलं असे. रविवारी सकाळपासून त्याचा रस्सा शिजायला लागला की वास जिना चढून रत्नाच्या वरणात शिरायचा. ती नाक मुरडायची आणि दुपारी त्यानेच पाठवलेला पाव मिटक्या मारत खायची. या रोक्कोचा जीव होता अंजिरात. त्याच्या गावचं हे झाड इथल्या बर्फात टिकत नाही. म्हणून दर वर्षी थंडीच्या तोंडावर त्याच्या फांद्या दोरीने आवळायच्या, अंगाला जुनी ब्लँकेटं गुंडाळायची, एका बाजूची मुळं तोडून झाड हळूहळू वाकवायचं, चरात आडवं करायचं आणि वर फळ्या टाकून माती लोटायची. वसंतात उकरून पुन्हा उभं करायचं. गल्लीतले सगळे इटालियन म्हातारे हेच करायचे. आता गल्लीत रोक्कोखेरीज इटालियन म्हातारे उरले नव्हते.

पुरुषोत्तम सासवडकडचा. घरामागे अंजिराची बाग होती, पण झाडाला पांघरूण घालतात हे त्याच्या बापजन्मात कुणी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं तो रोक्कोला दोरी धरू लागत आला होता. यंदा रोक्को जिन्यावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडला. "पुरू, थंडी पडायच्या आत झाड निजव," एवढंच तो स्ट्रेचरवरून म्हणाला. आज रात्री पारा गोठणबिंदूखाली जाणार होता.

ब्लँकेटात गुंडाळून ठिकठिकाणी बांधलेल्या त्या लांबट गाठोड्याकडे बघून पुरुषोत्तमलाच कसंतरी झालं. तिरडीवर असंच तर बांधतात. त्याने घाईघाईने पहिली फळी उचलली.

"हात वर! हलायचं नाही!"

फाटकात दोन पोलीस उभे होते. तरुण पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता. पुरुषोत्तमच्या हातून फळी पडली.

"आत काय पुरलंय?"

"फिग... फिग ट्री," पुरुषोत्तम म्हणाला. इतकी वर्षं रोज बोलत आलेलं इंग्रजी नेमकं याच वेळी त्याला सोडून गेलं. बोबडीच वळली. "झाड आहे, सर. स्लीपिंग. विंटरसाठी."

"झाड झोपतं?"

त्यांनी त्याला कुंपणाशी तोंड करून उभं केलं. ग्रीन कार्ड पाहिलं. "इतकी वर्षं राहतोस, मग सिटिझन का नाहीस?" असं विचारलं. मागे चाकूने दोर कापल्याचा आवाज आला, ब्लँकेटं फाटली, आणि फांद्या सुटून झाड सळसळत अर्धवट वर उठलं. थोरल्या पोलिसाने एक फांदी बुटाने दाबून पाहिली. मग म्हणाला, "ओके. झाडच आहे. पण यापुढे असं काही करायचं असेल तर विचार कर. लोक घाबरलेले आहेत."

लोक घाबरलेले आहेत! घरात येऊन पुरुषोत्तम भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

"मरू दे ते झाड," रत्ना म्हणाली. ती रडत होती. "आपल्याला काय करायचंय? उद्या तुम्हाला उचलून नेलं तर मी कुणाच्या दारात उभी राहू?"

रत्नाची भीती जुनी होती. सत्त्याऐंशी साली याच शहरात कपाळावरचं कुंकू बघून गुंड पोरं भारतीयांना मारायची. तेव्हापासून बाहेर पडताना ती टिकली काढून आरशाला चिकटवायची आणि घरात आल्यावर पुन्हा लावायची. त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती. आरसा मात्र ठिपक्याठिपक्यांचा झाला होता.

दुपारी पुरुषोत्तम दवाखान्यात गेला. झाड निजवलं असं रोक्कोला सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं होतं. म्हातारा कुठे उठून बघायला येणार होता?

"निजवलं, मिस्टर रोक्को. व्यवस्थित."

रोक्कोने त्याच्या गुडघ्यावरची ओली माती पाहिली. मग छातीवर लागलेला कुंपणाचा गंज पाहिला.

"कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

पुरुषोत्तमने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. रोक्को छताकडे बघत ऐकत होता.

"दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा आम्ही इटालियन इथे शत्रू झालो," तो म्हणाला. "बाबा सिटिझन नव्हता ना. पोलीस आले, रेडिओ उचलून नेला. शेजारणीने सांगितलं, या इटालियनने अंगणात काहीतरी पुरलंय. भर जानेवारीत त्यांनी झाड उकरायला लावलं. झाड निघालं. हसले नि गेले."

"मग?"

"मग काय? बाबाने ते परत पुरलंच नाही. मी म्हटलं, चल, मी दोरी धरतो. तर म्हणाला, नको, लोक बघतायत. झाड गोठून गेलं. वसंतात मुळातून एक कोंब आला, तेच हे झाड. पण बाबाला काही पुन्हा कोंब फुटला नाही, पुरू. मरेपर्यंत तो रस्त्यावर स्वतःच्या भाषेत बोलला नाही. मला तर घरातही गप्प बस म्हणायचा."

रोक्कोने डोळे मिटले. झाड निजव म्हणाला नाही, राहू दे असंही म्हणाला नाही.

पुरुषोत्तम परत आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. झाड अर्धवट उठून, उघड्या मुळांनिशी तसंच पडलं होतं. भीती गेली नव्हती. कानात ते "हात वर" तसंच वाजत होतं. तरी त्याने फावडं उचललं. ब्लँकेटं पुन्हा गुंडाळली, दोराचे तुकडे गाठी मारून जोडले. सकाळी दोर कुंपणाच्या खांबाला बांधून त्याने एकट्याने झाड वाकवलं होतं. आता दोर खांबापर्यंत पुरेना. तो ओढून झाड खाली आणलं की माती टाकायला हात उरेना, आणि हात सोडला की झाड पुन्हा उठे. दोनदा उठलं. तो घामाघूम झाला.

मागचं दार वाजलं. रत्ना पायऱ्या उतरून येत होती. अंगात त्याचाच जुना कोट, पायात रोक्कोचे रबरी बूट. तिच्या कपाळावर टिकली होती. पुरुषोत्तम बघतच राहिला.

"अगं, तुझी टिकली..."

"माहितीये मला. द्या तो दोर इकडे."

तिने दोर मनगटाला गुंडाळला आणि मागे रेलली. झाड हळूहळू चरात उतरलं. पुरुषोत्तमने फळ्या टाकल्या. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. थोड्याच वेळात गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी वळली, सावकाश पुढे आली आणि कुंपणापाशी थांबली.

पुरुषोत्तमचं फावडं हवेतच राहिलं.

"थांबू नका," रत्ना म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण दोर ताणलेलाच होता. "अहो, टाका माती."

त्याने माती टाकली. गाडी तिथे किती वेळ होती आणि केव्हा गेली, हे दोघांनीही पाहिलं नाही. माती फळ्यांवर पडत राहिली, आधी आवाज करत, मग आवाज न करता.