दोघांची दुरुस्ती

हे घडलं एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली. तेव्हा कॉम्प्युटरचे पडदे खोक्याएवढे जाड असत, आणि कानात मशीन घालणारे लोक ते केसांखाली लपवत.

चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, ताई आणि तिचा धाकटा भाऊ यांची छोटीशी कंपनी होती. सगळे त्याला धाकटाच म्हणत, अगदी त्याच्या बायकोसकट. कानाच्या दवाखान्यांना ती दोघं एक प्रोग्राम विकायची. माणसाला किती कमी ऐकू येतं ते हा प्रोग्राम तपासायचा आणि त्याच्या मापाने कानातलं मशीन लावून द्यायचा. तो मुळात केला होता आईसाठी. आईचे कान लवकर गेले, आणि त्या वेळच्या मशीनमधून तिला नुसती खरखर ऐकू यायची. धाकट्याने तपासणीचा भाग लिहिला, ताईने आवाज वाढवण्याचा.

पहिल्या वर्षी एकमेकांच्या लिखाणात हात घालण्यावरून दोघांचं असं वाजलं, की आठवडाभर बोलणं बंद. शेवटी आई मध्ये पडली. याने याचं करावं, हिने हिचं करावं, आणि कुणी कुणाच्या ताटात बघू नये, असं तिने बजावलं. दोघांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून एकाने दुसऱ्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, उघडून पाहिला नाही. दर शनिवारी आपापला भाग तयार करून आणायचा, जोडायचा, चालवून बघायचा. बिघडलं तर “तुझ्या बाजूला बघ” एवढंच म्हणायचं. बाहेरचे लोक या पद्धतीला हसत, पण घरात शांतता होती आणि धंदाही चालला होता.

ताईचा संसार झाला नव्हता. ती आणि आई एकत्र राहत. आई म्हणजे भारी बोलकी बाई. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी बाईकडून तिच्या सासूची सगळी हकिकत काढून आणेल आणि जेवताना नकलांसकट सांगेल. मुलांच्या प्रोग्रामने लावलेलं मशीन घातल्यावर काही वर्षं ती पुन्हा तशी झाली. मग हळूहळू मिटत गेली. चहा हवा का विचारलं तर “हो, दार लावलंय” म्हणायची. चारजण हसले की जरा थांबून हसायची. पुढे पुढे तर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत नुसती गोड चेहरा करून बसायची. धाकटा म्हणे वय झालं. ताईला ते पटत नसे. समोर बसलेली आई रोज थोडी थोडी लांब चालली आहे, असं तिला वाटायचं, आणि तिला परत आणण्यासाठी ती काहीही करायला तयार होती.

अशात चार मोठ्या मशीनवाल्यांचा निरोप आला. तुमच्या प्रोग्रामचा सोर्स कोड आम्हाला दाखवा, आम्ही आमची मशीनं त्याला जोडून घेतो. करार करू, चौघांच्या बाहेर एक ओळ जाणार नाही. त्यांच्यातल्या एकाकडे एक नवं, जास्त ताकदीचं मशीन तयार होत होतं. ते चालायला मात्र प्रोग्रामच्या आत शिरून बदल करणं भाग होतं. ताईचं मन त्या मशीनपाशी जे अडकलं ते निघेना.

धाकट्याने ऐकताक्षणी नकार दिला. आपल्याजवळ दुसरं आहे काय, असं त्याचं म्हणणं. बरेच दिवस हे चाललं.

“पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत बसव, ताई. चहा पाज, खायला दे. स्वयंपाकघरात कशाला नेतेस?”

“आईला ऐकू यावं म्हणून.”

दुसऱ्या दिवशी येऊन त्याने मुकाट्याने सही केली.

कोड वाचायला चौघांच्या वतीने एक इंजिनीअर बाई आली. तिशीची असेल. जाड चष्मा, सदा थंडी वाजल्यासारखी अंगावर दोन स्वेटर. ऑफिसात तिचं नाव चष्मेवाली पडलं. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून दोन्ही भाग ओळीने वाचायची. दोन्ही भाग वाचलेलं या जगातलं ते पहिलंच माणूस, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

काही आठवड्यांनी मशीनवाले जमले. चष्मेवालीने आधी पुष्कळ कौतुक केलं. मग चष्मा पुसत म्हणाली, “एक विचारू का? राग मानू नका. तपासणीत सर प्रत्येकाचं बहिरेपण जरा कमी करून लिहितात. ते कशासाठी?”

धाकटा खिडकीकडे बघू लागला. “ताईचा हात सढळ आहे. आवाज द्यायला बसली की ओततेच. म्हणून मी आधीच थोडं कापून ठेवतो.”

चष्मेवालीने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिला सांगावंच लागलं, “हा पहिल्यापासून चिंगूस. कमीच लिहिणार. म्हणून मी माझ्याकडून वर थोडं घालते.”

खोलीत हशा पिकला. यांचं तर नवराबायकोसारखं आहे, असं एक मशीनवाला म्हणाला, आणि धाकट्यालाही हसू आलं. चष्मेवाली तेवढी हसली नाही.

“साध्या बहिरेपणात सरांचं कापलेलं आणि ताईंचं घातलेलं बरोबर फिटतं,” ती म्हणाली. “पण माणूस फारच बहिरा असला तर ताई वरचं देत नाहीत. कान दुखू नये म्हणून त्यांनी तिथे तसं लिहिलंय. सरांचं कापणं मात्र तिथेही आहे. म्हणजे अशा लोकांना कमीच मिळतं, विशेषतः बारीक आवाज. कुरकुर केली की दवाखानेवाले हाताने वाढवून देत असणार. ज्यांनी कुरकुर केली नाही, ते तसेच राहिले असतील.”

आईचे कान वर्षागणिक आणखी गेले होते, आणि तिचं मशीन कधी दवाखान्यात गेलंच नव्हतं. तिचं मशीन तिची मुलं घरी लावायची, मोठ्या अभिमानाने.

पाहुणे गेल्यावर बहीणभावांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमेकांचा कोड उघडला. दोन्ही दुरुस्त्या जवळपास एकाच वेळच्या, त्या जुन्या भांडणानंतरच्या. आधी कुणी केली ते कळायला मार्ग नव्हता. तू आधी केलीस, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. ताई वाट बघत राहिली, तोही बघत राहिला असेल. मग दोघांनी आपापल्या ओळी खोडल्या आणि दोघं घरी आली.

नवं ताकदीचं मशीन आलं, तेव्हा ते नीट केलेल्या प्रोग्रामने आईला लावलं. धाकट्याच्या बायकोच्या हातून चमचा पडला आणि आई दचकली. ती आईच्या पुढ्यात बसली आणि हळू, नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आई, मी काय बोलतेय?”

आई तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आवाज येतो गं, अगदी खणखणीत. पण त्यातले शब्द लागत नाहीत.”

कानाच्या डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितलं. बोलण्यातले स, श, फ असे बारीक आवाज वर्षानुवर्षं पोचलेच नाहीत, की मेंदू ते ओळखणं सोडून देतो. मग कान कितीही भरले तरी उपयोग होत नाही. सराव करा म्हणाले, पण सांगताना ते ताईकडे बघत नव्हते.

धाकट्याला राहवलं नाही. आईच्या गुडघ्यावर हात ठेवून, एकेक शब्द ओठांनी दाखवत त्याने विचारलं, की कमी ऐकू येत होतं तर तू सांगितलं का नाहीस. आईला ते दुसऱ्या खेपेला कळलं. तिला त्या प्रश्नाचं नवलच वाटलं.

“कुणाकडे सांगू? तुझ्याकडे म्हटलं तर तू ताईवर घालशील, तिच्याकडे म्हटलं तर ती तुझ्यावर. नीट चाललं होतं तुमचं. म्हटलं, माझं काय, मी बसेन ऐकल्यासारखं करून.”

धाकटा उठून गॅलरीत गेला. ताई आईचा हात धरून बसली.

आई त्यानंतर तीनेक वर्षं होती. ताईने रोज सराव करून घेतला. थोडे शब्द परत आले, त्यात दोन्ही नातवंडांच्या हाका होत्या. नकला मात्र परत आल्या नाहीत.

प्रोग्राम चौघांच्या मशीनमधून दूरदूर पोचला, आणि फार बहिऱ्या माणसांना तो पहिल्यापेक्षा चांगला लागू पडला. चष्मेवाली पुढे त्यातल्याच एका कंपनीची प्रमुख झाली. आई गेल्याचं कळल्यावर ती भेटायला आली होती. आपण विचारायला नको होतं का, असं तिने दारात विचारलं. विचारलंस ते बरं केलंस, असं ताई म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं.

धाकट्याने आपला वाटा ताईच्या नावे केला आणि मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेला. दोघं पुन्हा कधी भांडली नाहीत. फोनवर तब्येत विचारतात, औषधांची आठवण करतात, आणि एकजण “ठेवू का?” म्हणेपर्यंत गप्प राहतात.

ताईने कंपनी काही वर्षांनी बंद केली. पंच्याहत्तरी उलटली, पण तिचे कान शाबूत आहेत. संध्याकाळी घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून ती रेडिओ लावते, आणि आतल्या खोलीत, जिथे नुसता आवाज पोचतो, शब्द नाही, तिथे जाऊन भाजी निवडत बसते.