फक्कीचं घर

"अरे जालिंदर, भिंतीतनं कुठं शिरतोस? दार हाय की इकडं!"

जालिंदर एक पाय उचलून तसाच थांबला. त्याच्यापुढे भिंत नव्हती. टेकाडावरच्या मुरमाड मातीत चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ होती, कबड्डीच्या मैदानावर असते तशी. तरी त्याने पाय मागे घेतला, वळसा घालून रेघ जिथे तुटली होती तिथे आला, चप्पल काढली आणि आत पाऊल टाकलं.

"आता बरोबर का, सिंधूकाकू?"

"चौकटीला डोकं न्हाई ना आपटलं?" सिंधूबाई म्हणाली. आधी आत येऊन बसलेल्या बायका हसल्या.

पौषातली सकाळ होती. भीमेवरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. पलीकडे दौंडच्या हद्दीतला ऊस दिसतच नव्हता, नुसते त्याचे तुरे हवेत तरंगत होते. अलीकडे शिरूरच्या बाजूला ही वस्ती, एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला ओढा. वर धरणातून पाणी सुटलं की नदी ओढ्यात उलटी शिरते आणि वस्तीचं बेट होतं. अशा वेळी कोरडं राहतं ते एवढं टेकाड. ते सिंधूबाईचं होतं.

तिथे घर काढलं होतं राजनंदिनीने. ती न्हावऱ्याची. पुण्यात आर्किटेक्ट झाली होती. पुरात सगळ्या वस्तीला, जनावरांसकट, थांबता येईल असं एक घर इथे बांधायचं ठरलं होतं. त्यासाठी ती दोनदा कागद घेऊन आली होती. दोन्ही वेळा लोकांनी कागद फिरवून फिरवून पाहिला, "झकास हाय" म्हणाले आणि तिला चहा पाजला. तिसऱ्या खेपेला तिने टेम्पोतून फक्कीची पोती आणली.

"कागदावर तुम्ही सगळ्याला व्हय म्हणता," ती म्हणाली. "आता घर जमिनीवर काढते. पूर आल्यावर जे जे घेऊन याल ते ते घेऊन या. एक दिवस यात राहू, आन् मग बोलू."

आणि लोक खरोखरच आले. गॅसच्या टाक्या आल्या, बियाण्याचं कांद्याचं बोचकं आलं, शेळ्या आल्या, देवांच्या तसबिरी आल्या. एकाने टीव्ही आणला आणि तो भिंतीला लावायला जागा नाही म्हणून तक्रार केली. राजनंदिनी सांगत होती, "खाली नुसते खांब, आजी, पाण्याला जायला वाट. त्याच्यावर जनावरांचा ओटा, आन् त्याच्या वर ही खोली, माणसांची."

"म्हंजी आत्ता आपण वर हाय?" सिंधूबाईने विचारलं.

"वर. दोन पुरुष उंच."

सिंधूबाईने रेघेपलीकडे वाकून पाहिलं. खाली तिची शेवंती होती, पिवळी, धुक्याने ओली. क्षणभर तिला ती खरंच खूप खोल वाटली.

वर यायला पायऱ्या नव्हत्या. पायऱ्या जनावरांना चढवत नाहीत. म्हणून वस्तीच्या बाजूने लांब, रुंद उतार काढला होता. दुसरीकडून तो घेता येत नव्हता, कारण तिन्ही बाजूंना पाण्याचा जोर. दोन पांढऱ्या रेघा खालून सरळ वर येत होत्या, आणि वरच्या टोकाशी एकदम वळत होत्या. तिथे जांभूळ होतं.

जागा देताना सिंधूबाईने एकच अट घातली होती. जांभळाला हात लावायचा नाही. राजनंदिनीने का म्हणून विचारलं नाही. वस्तीत तिला आधीच कुणीतरी सांगितलं असावं.

सिंधूबाईचा नवरा रोहिदास त्या झाडाखाली होता. फार वर्षांमागे पूर आला तेव्हा इथे पावसाचा थेंब नव्हता. लख्ख ऊन पडलं होतं आणि उन्हातच पाणी शेतात शिरलं. माणसं टेकाडावर पळाली. रोहिदास दाव्याची म्हैस सोडायला मागे गेला. "आलोच," म्हणाला. सिंधूबाई टेकाडावर उभी राहून बघत होती. सगळीकडे चकाकणारं पाणी होतं, बघवत नव्हतं. तो सापडला तेव्हा पाणी उतरलं होतं. सावडल्यावर भावकी रक्षा नदीत सोडायला निघाली, तेव्हा ती आडवी आली. "तिनं एकदा नेलाय. आन् मी पुन्हा माझ्या हातानं देऊ व्हय?" मग टेकाडावर खड्डा घेतला, त्यात रक्षा टाकली आणि वर जांभळाचं रोप लावलं. आता या भागात बरेच जण असं करतात. तेव्हा कुणी करत नव्हतं.

पहिली काही वर्षं ती झाडाला घागरीने पाणी घालायची. पुढे झाडालाच तिची गरज उरली नाही. तरी रोज शेवंती तोडून झाली की ती तिथे टेकायची, आणि केडगावच्या गाडीला किती फुलं पाठवली, लेकाची, माऊलीची कंपनीतली पाळी बदलली, असलं काहीबाही सांगून खाली यायची. झाड पानं हलवायचं किंवा हलवायचं नाही. रोहिदासही फारसा बोलणारा नव्हता.

"आता गिताआत्यांना आणा," राजनंदिनीने खालच्या लोकांना हाक दिली.

गिताबाई म्हणजे जालिंदरची आई. तिचे पाय गेलेले. पुरात तिला बाजेवरूनच आणावं लागणार, म्हणून बाजेवरूनच आणायचं होतं. जालिंदर, सिंधूबाईचा मुलगा माऊली आणि आणखी दोघांनी बाज उचलली. गिताबाई गोधडीत गुंडाळून आभाळाकडे बघत पडली होती.

"सरळ धरा रं! आजून जित्ती हाय मी. आत्तापासनं काय खांदा देताय?"

"म्हातारे, गप पड, पूर आलाय," जालिंदर म्हणाला.

"पूर आलाय तर पळा की मग! मिरवणूक काढल्यागत काय चाललाय?"

सगळे हसत होते. बाज पांढऱ्या रेघांमधून डुलत डुलत वर आली. वळणापाशी मात्र पुढचे दोघे वळले आणि मागच्या जालिंदरचा पाय रेघेबाहेर पडला.

"बुडला! बुडला!" पोरं ओरडली.

ते मागे सरले आणि पुन्हा आले. या वेळी माऊली बुडाला. तिसऱ्या वेळी त्यांनी बाज तिरकी केली. गिताबाई गोधडीसकट घसरायला लागली आणि तिने दोन्ही हातांनी जांभळाची फांदी धरली.

आता कुणी हसलं नाही. बाज खाली टेकली. झाड मध्ये उभं होतं, आणि जमलेल्यांपैकी कुणीही झाडाकडे पाहिलं नाही. कुणी नदीकडे बघत होतं, कुणी आपल्या चपलांकडे.

"जमंल," जालिंदर म्हणाला. "म्हातारीला पाठुंगळी घीन मी. त्यात काय."

"मला कशाला नेता वर?" गिताबाई म्हणाली. "हितंच ठेवा जांभळाखाली. सावली हाय."

राजनंदिनी टेप गुंडाळत होती. "मी बघते दुसरं काहीतरी," ती हळूच म्हणाली. पण काय बघणार ते तिने सांगितलं नाही. माऊलीने आईकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "झाड ऱ्हाणार. ठरलंय ते."

सिंधूबाईने गिताबाईची घसरलेली गोधडी सारखी केली.

दुपारी भाकऱ्या सुटल्या. फक्कीच्या खोलीत प्रत्येक घराने आपापली जागा धरली होती. जेवण झाल्यावर राजनंदिनी म्हणाली, सगळे आडवे व्हा, कितीजण मावतात ते बघू. तेव्हा बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला आडवे झाले. ऊन मऊ होतं. ओटा म्हणून बाजूला आखलेल्या चौकोनात शेळ्या रवंथ करत होत्या. हळूहळू बोलणं कमी झालं. आधी पोरं झोपली, मग म्हातारी माणसं, आणि मग टीव्हीवाला टीव्हीवर हात ठेवून झोपला. सारी वस्ती भिंती नसलेल्या घरात, दोन पुरुष उंच, उन्हात झोपली.

सिंधूबाईला झोप लागली की नाही हे तिला सांगता आलं नसतं. डोळे मिटल्यावरही पांढऱ्या रेघा दिसत राहिल्या. मग त्यांच्यावर भिंती आल्या, भिंतींना खिडकी आली, आणि खिडकीतून पाण्याचा उजेड छतावर हलू लागला. खाली पाणी होतं. ते खांबांमधून निमूट चाललं होतं, कुणालाही न शिवता. सगळे आत होते. कोण राहिलं म्हणून तिने नजर फिरवली. आणि उतारावरून रोहिदास येताना दिसला.

त्याच्या हातात दावं होतं. मागे म्हैस, ओली, पाठ उन्हात चमकत असलेली. तो घाईत नव्हता. वाटेत चिखल लागला म्हणून म्हशीला चुचकारत येत होता. मग तो वळणापाशी थांबला. त्याच्या आणि दाराच्या मध्ये जांभूळ होतं. म्हैस वळेना. तो झाडाच्या पलीकडे उभा राहिला. त्याचा एक हात, धोतराचा सोगा, म्हशीचं एक शिंग, एवढंच पानांतून दिसत होतं. तिने हाक मारली. त्याने मान वर केली. नेहमीसारखा काही बोलला नाही. नुसता थांबून राहिला, वाट मोकळी व्हायची वाट बघत.

ती उठून बसली. सगळे झोपलेलेच होते. उतारावर कुणी नव्हतं.

तिने कोपऱ्यातला खराटा घेतला, दारातून बाहेर आली, चप्पल घातली आणि वळणावरच्या दोन्ही रेघा झाडून काढल्या. मग फक्कीचा डबा उचलला. रेघ ओढायची सवय नव्हती. कणिक भुरभुरावी तशी ती वाकून फक्की सोडत गेली. दोन्ही रेघा सरळ वर आल्या, जांभळाच्या मुळांवर चढल्या, झाडाला वाटेच्या मध्ये घेऊन पलीकडे निघाल्या आणि दाराला लागल्या. थोड्या वाकड्या होत्या.

खराट्याच्या आवाजाने माऊली जागा झाला. धावत आला.

"आये, काय करतेस? आण्णांचं झाड हाय ते!"

"मला ठाव न्हाई व्हय?"

"मग? आपण अट घातलीय. मी न्हाई तोडू देणार."

सिंधूबाईने डबा खाली ठेवला. हात पदराला पुसले.

"तुला आठवत नसंल, तू ल्हान व्हतास," ती म्हणाली. "वाटंनं समोरनं गाडी आली, बैल आला, शाळंतली पोरं जरी आली, तरी तुझा बाप वाट सोडून खाली चारीत उतरायचा. मी लई बोलायची. 'आपल्या रानातली वाट हाय, आपण का उतरायचं?' म्हनायची. तो म्हनायचा, 'जाऊ दे, त्यास्नी पुढं जायचंय.'"

माऊली बुंध्याला हात लावून उभा राहिला. एवढ्यात बाकीची माणसं जागी झाली होती, पण कुणी रेघ ओलांडून जवळ आलं नाही. राजनंदिनी दारातून आली. तिने वाकड्या रेघा पाहिल्या. टेप काढला नाही.

"आजी, असंच ठेवू का?"

"सरळ करून घे. माझा हात हालला जरा."

मग पुन्हा एकदा बाज उचलली. चौघे सरळ रेघेने वर आले. झाडापाशी पुढचे दोघे डावीउजवीकडून गेले आणि बाज मध्ये अडकली, तेव्हा जालिंदर म्हणाला, "हे झाड हितं न्हाईच असं धरायचं," आणि त्यांनी बाज टेकवून, झाडाच्या पलीकडे नेऊन, पुन्हा उचलली आणि दारातून आत घेतली. कुणाचाही पाय रेघेबाहेर पडला नाही.

गिताबाईला खोलीत ठेवलं. तिने सिंधूबाईला खुणेने जवळ बोलावलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"सिंधे, लई वंगाळ बाई हायेस तू," ती म्हणाली. "आता मला मरायलाबी लाज वाटंल."

"मरू नका मग. पूर यिऊस्तवर थांबा."

"थांबते की. मला काय घाई हाय?"

ऊन उतरलं तशी माणसं आपापलं सामान घेऊन खाली गेली. शेळ्या कुठूनही गेल्या, पण माणसं दारातूनच गेली. टीव्ही गेला, टाक्या गेल्या, गिताबाईची बाज सरळ रेघेने खाली उतरली. राजनंदिनी टेम्पोत बसताना म्हणाली की पाया घ्यायच्या आधी ती येऊन सांगेल, अचानक काही करणार नाही. सिंधूबाईने मान हलवली. माऊली आईसाठी न थांबता खाली गेला.

ती एकटी खोलीत राहिली. मिटत्या उजेडात फक्की जास्तच पांढरी दिसायला लागली होती. जांभळात पाखरं शिरली. तिने रोजच्यासारखं सांगितलं, आज फुलं तोडायची राहिली, उद्या दुप्पट काम. गिताआत्या हलकी झालीय. माऊली रागावलाय, पण निघंल राग. पानं हलली नाहीत. वाराच नव्हता.

मग ती उठली, दाराशी आली, चप्पल पायात सरकवली. सवयीने तिचा हात दार ओढून घ्यायला मागे गेला. तो तिथेच थोडा थांबला आणि खाली आला. एखादं यायचं राहिलं असलं तर. तिने दार उघडंच ठेवलं आणि उताराच्या कडेकडेने, मधली वाट मोकळी सोडून, वस्तीकडे चालू लागली.